रिसीव्हर ठरवण्याआधी सोफा बघ

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

होम थिएटरसाठी पाठवलेला हॉलचा नकाशा आणि दुकानदाराचं कोटेशन, दोन्ही मिळालं. कोटेशनमधली पहिलीच ओळ खटकली. डेनॉनचा एव्हीआर-एक्स३८००एच हा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज आणि ताकद पुरवणारी पेटी, हे उत्तम यंत्र आहे, त्याबद्दल वाद नाही. ९ चॅनेलचे अ‍ॅम्प्लिफायर, ११ चॅनेलपर्यंत प्रोसेसिंग, सबवूफरसाठी (खालच्या जाड सुरांचा स्पीकर, थोडक्यात सब) स्वतंत्र सांभाळता येणारी ४ आउटपुट. पण तुझा हॉल १६ बाय ११ चा, टीव्ही लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला पाठ लावून. ७.१ (७ स्पीकर, १ सब) मधले मागचे दोन स्पीकर श्रोत्याच्या पाठीमागे हवेत, आणि तुझ्या पाठीमागे थेट शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे. छतावरच्या ४ स्पीकरांचंही तेच. त्यातली मागची जोडी डोक्याच्या मागे लागते आणि तिथे छतच उरत नाही. म्हणजे तुझी मांडणी ५.१.२ ची: समोर ३, बाजूला २, छतात २ आणि एक सब. सबला स्वतःचा अ‍ॅम्प असतो. उरले ७ स्पीकर, म्हणून ७ चॅनेलचा रिसीव्हर पुरतो. सोफा ३-४ फूट पुढे घ्यायला वहिनी तयार असतील तर हे सगळं परत लिहीन, पण तशी आशा दिसत नाही.

त्याच कंपनीचा एक्स१८००एच ७ चॅनेलचा आहे. तोच घे असं नाही. यामाहा, ओन्क्यो यांचे त्याच पायरीवरचे रिसीव्हरही चालतील. वाचलेले पैसे समोरच्या तीन स्पीकरांत आणि सबमध्ये घाल. त्यातही मधल्या सेंटर स्पीकरवर काटकसर नको, कारण सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात.

वॅटच्या आकड्यांना भुलू नकोस. एकाच यंत्राची एका कागदावर ८० वॅट आणि दुसऱ्यावर त्याच्या दुपटीच्या आसपास नोंद असते, आणि दोन्ही खरं असतं. पहिला आकडा ८ ओहमवर, दोन चॅनेल एकदम चालवून, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ या पूर्ण पट्ट्यात, ०.०८ टक्के विकृतीला (आवाज बिघडण्याच्या प्रमाणाला) मोजलेला. दुसरा ६ ओहमवर, एकच चॅनेल, फक्त १ किलोहर्ट्‌झचा सूर आणि विकृती १० टक्क्यांपर्यंत जाऊ दिलेली. खोक्यावर मोठ्या अक्षरात दुसराच छापतात. तुलना नेहमी पहिल्या पद्धतीच्या आकड्यांची कर. तीही केलीस तर दिसेल की ८० आणि ९५ वॅटमधला फरक जेमतेम पाऊण डेसिबलचा आहे, आणि तो कानाला कळत नाही. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात.

तुझाच हिशेब मांडू. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल धर, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८७. तुझे कान ३ मीटरवर, तिथे साधारण ९ डेसिबल गळतात, उरले ७८. फ्लॅटमध्ये ज्या आवाजात आपण सिनेमा बघतो त्यात क्षणिक उसळी ८५ च्या आसपास जाते. म्हणजे ७ डेसिबल जास्त, म्हणजे ५ वॅट. हो, पाचच! थिएटरच्या प्रमाणित पातळीची १०५ डेसिबलची उसळी हवी असेल तर ५०० वॅट लागतील, पण मग सोसायटीच्या सेक्रेटरीलाही तिकीट द्यावं लागेल. शिवाय ८० हर्ट्‌झखालचं जड काम सब करणार. स्पीकर ४ ओहमचे घेतलेस तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे करंट जास्त खेचला जातो, लहान रिसीव्हर तापतो आणि मध्येच बंद पडतो. ६ ते ८ ओहमचेच घे.

मग जास्त पैसे द्यायचे तर कशासाठी? माझ्या मते खोलीमुळे बिघडणाऱ्या आवाजाच्या दुरुस्तीसाठी, म्हणजे मायक्रोफोन लावून रिसीव्हर जे मोजमाप करतो त्यासाठी. डेनॉनकडे ऑडिसी असतं: एक्स१८००एच मध्ये एक्सटी, एक्स३८००एच मध्ये जास्त बारकाईनं काम करणारं एक्सटी३२. यामाहाकडे वायपीएओ, ओन्क्योच्या काही मॉडेलांत डिरॅक लाइव्ह. भिंतीला टेकून बसणाऱ्याला बास फुगलेला ऐकू येतो, कारण भिंतीजवळ तो साचतो. ही फूग जी यंत्रणा जास्त सफाईने उतरवते ती तुझ्या कामाची. ७ चॅनेलच्या दोन रिसीव्हरांत अडलास तर हाच निकष लाव. ७.२ मधल्या त्या ‘.२’ वर फार जाऊ नकोस. स्वस्त मॉडेलांत सबच्या दोन्ही सॉकेटमधून एकच सिग्नल येतो.

टीव्हीचा आवाज एचडीएमआयनं रिसीव्हरपर्यंत कसा आणायचा, हा तुझा प्रश्न. टीव्हीतल्या अ‍ॅपवरचा अ‍ॅटमॉस (छतातले स्पीकरही वापरणारा आवाज) हा डॉल्बी डिजिटल प्लस या प्रकारात बांधलेला असतो, तो साध्या एआरसीवरूनही, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडे आणणाऱ्या सोयीवरूनही, येतो. ब्लू-रेचा ट्रूएचडी हा जास्त भरगच्च आवाज टीव्हीमार्गे आणायचा तर ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागतो. पण प्लेअर थेट रिसीव्हरलाच जोड, कारण अनेक टीव्ही डीटीएस हा डिस्कवरचा दुसरा आवाजाचा प्रकार पुढे जाऊच देत नाहीत. चिरंजीवांच्या गेमसाठी ४के १२० (सेकंदाला १२० चित्रं) हवं आणि रिसीव्हरला ते जमत नसेल, तर कन्सोल टीव्हीला जोड आणि आवाज ईएआरसीनं परत आण. एचडीएमआयची वायर टीव्हीवरच्या ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टमधून रिसीव्हरच्या ‘आउट’मध्ये जाते, ‘इन’मध्ये नाही, निम्मे लोक इथेच चुकतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पासथ्रू’ वर, म्हणजे आहे तसा पुढे जाऊ देण्यावर, ठेव. ‘पीसीएम’ राहिलं तर रिसीव्हर बहुतेक वेळा दोनच चॅनेल दाखवेल आणि तू उगाच यंत्राला शिव्या देशील. नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतो, तेही तपासून घे. एचडीएमआय वायर ५ मीटरपेक्षा लांब न्यायची असेल तर फायबरवाली घे. तिला दिशा असते, उलटी लावली तर चित्र येत नाही. भिंतीत गाडण्याआधी लावून बघ.

अमेरिकेतून भाऊ रिसीव्हर आणतोय म्हणतोस, त्याला लगेच नको म्हणून कळव. तिथला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. यंत्राच्या पाठीवर तसं छापलेलं असतं. आपल्या २३० वर लावलास तर गेलाच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरनं चालवता येतो, पण ते जड धूड कायमचं टीव्ही युनिटखाली तापत आणि गुणगुणत बसेल, आणि इथली वॉरंटीही मिळणार नाही.

पीओपीचं काम सुरू व्हायच्या आत वायर टाकून घे. समोरच्या तिघांना १.५ चौरस मिमी, बाजूच्या आणि छतातल्या स्पीकरांना २.५, बहुतारी आणि शुद्ध तांब्याची. इलेक्ट्रिकच्या दुकानातली चालते, ‘ऑडिओ’वाली महाग नको. एक तार ब्लेडनं खरवड. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत कर. या वायरींचा पाईप विजेच्या पाईपपासून वेगळा. छतातले स्पीकर सोफ्याच्या १ ते ३ फूट पुढे घे, ९.५ फुटी छताला तो कोन बरोबर बसतो. वायरमनला पंख्याच्या दोन्ही बाजूंना ‘सुंदर दिसेल’ असं लावायची हौस असते, तेव्हा खडूनं खूण करून दे. उजवीकडे जेवणाची जागा उघडी असल्यामुळे बाजूचे दोन्ही स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवरच लाव: तुझ्यापासून ५-६ फूट डावी-उजवीकडे, कानाच्या फूटभर वर, तोंड आतल्या बाजूला वळवलेलं. जोडताना एक जरी तार शेजारच्या टर्मिनलला शिवली तरी रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, म्हणून तारांच्या टोकांना बनाना प्लग लाव. अधिक-उणे दोन्ही टोकांना जुळव.

रिसीव्हर शटरच्या कपाटात कोंडू नकोस. वर किमान ४ इंच मोकळे ठेव, आणि सेटटॉप बॉक्स त्याच्या डोक्यावर नको.

मोजमाप दुपारी कर, पंखा आणि एसी बंद ठेवून, कुकर उतरल्यावर. सबवरचं क्रॉसओव्हरचं (कुठल्या सुराखालचं काम सबनं करायचं त्या सीमेचं) बटण सर्वात मोठ्या आकड्यापर्यंत फिरव, आवाज मध्यावर ठेव. माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवलास तर सगळं मोजमाप बिघडतं. मोजमापाची पहिली जागा तुझी नेहमीची बसायची, बाकीच्या तिच्या आजूबाजूला फूट-दीड फुटावर. झाल्यावर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर ‘लार्ज’ दिसले तर ‘स्मॉल’ कर, म्हणजे जड सूर सबकडे जातील, आणि क्रॉसओव्हर ८० ठेव. यंत्रानं स्वतःहून १०० किंवा १२० मोजला असेल तर तो खाली ओढू नकोस, लहान स्पीकरचा आवाज तिथे फाटतो. सबचं अंतर टेपनं मोजलं त्यापेक्षा जास्त दाखवेल. ते बरोबर आहे, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. तो आकडा ‘सुधारू’ नकोस.

सब वाजताना गुणगुण आली तर त्याची पिन रिसीव्हरच्याच बोर्डवर लाव. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

दुकानदाराकडून ७ चॅनेलवाल्याचं नवं कोटेशन माग, आणि सोफ्यामागची भिंत ते कान हे अंतर टेपनं मोजून मला कळव. सब कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा ते त्यावरून सांगतो.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद