सोमवार-गुरुवारच्या टेबलासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पत्र घाईत लिहीत आहे, चूकभूल पदरात घ्यावी. गरजू घरांतल्या मुलांच्या सरकारी योजनांचे कागद आपण सोमवारी-गुरुवारी ज्या टेबलावर करून देतो, ते ज्यात आहे त्या ओट्यावरच्या खोलीचा करार या महिनाअखेर संपतो. कार्यकारिणीची बैठक कोरम न भरल्यामुळे दोनदा तहकूब झाली, म्हणून अध्यक्षांना विचारून थेट आपल्यालाच लिहिते.

मागच्या खेपेला पावतीपुस्तक घेऊन फिरत होतो, तेव्हा एका दारात ऐकायला मिळाले, "सरकार देतंय की वो बाई, मग तुमची वर्गणी कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. उंबऱ्यात उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही, ते आता देते.

सरकार देते. बालसंगोपन योजनेत, म्हणजे आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव जिला जोडले आहे त्या योजनेत, एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. २०२३ पूर्वी १,१०० होते, त्याआधी ४२५. वडील किंवा आई गेलेली, नवऱ्याने टाकलेली, पालक तुरुंगात, नाहीतर मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, अशा घरातल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत. पण अर्ज केला आणि पैसे आले असे होत नाही. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डे, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, पासबुक, शिवाय घराच्या दारात मुलांना घेऊन उभ्या असलेल्या आईचा पोस्टकार्ड आकाराचा फोटो. मग घरी चौकशीला माणूस येतो, त्याचा अहवाल जातो, मग कोल्हापूरला बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जायचे. समितीचा आदेश झाला की पैसे खात्यात. यातली एकही पायरी वाईट हेतूने ठेवलेली नाही, हे मी पाच वर्षांत शिकले. पण प्रत्येक पायरीला बाईचा एक खाडा पडतो, आणि कांडीवर (मागासाठी सूत गुंडाळायच्या कामावर) खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. इचलकरंजीजवळच्या कबनूरकडची बाई, दोन मुले, नवरा वर्षापूर्वी गेलेला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद कोंबून आली. केसांत सुताची फुफाटी तशीच, पाळी सुटल्यावर थेट आलेली. आधी स्वतःच तीन-चार खेपा घालून झाल्या होत्या. आधारवर तिच्या नावातली वेलांटी दुसरी, पासबुकात पहिली. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचे पाळण्यातले नाव, रेशन कार्डावर सगळे हाक मारायचे ते. धाकट्याचे आधार निळे, बाळपणीचे, पाच वर्षे झाल्यावर बोटांचे ठसे द्यावे लागतात हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या नगरपालिकेतल्या निवृत्त काकांनी पिशवी टेबलावर रिकामी केली, एकेक कागद तळहाताने सपाट केला, तीन बाजूला काढले आणि म्हणाले, "हे एवढे माझ्याकडे. बाकीचे घरी डब्यात ठेव पोरी, भिजतील." ती तिथेच रडली. त्याआधीच्या प्रत्येक ठिकाणी तिला काय नाही एवढेच सांगितले गेले होते.

फोटोच्या वेळी धाकटा पदराआड लपायचा. तिसऱ्यांदा काढला तेव्हा कुठे त्याचे तोंड दिसले. ती फाइल मार्गी लागायला पुढे सात महिने गेले, पण लागली. थोरली पोरगी आता आठवीत आहे, शाळा सुटली नाही.

आपल्याकडे फक्त बालसंगोपनाचे कागद होतात असा समज आहे, तोही काढून टाकते. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचा शिधा अंगणवाडीतून घरी नेता येतो, हे भाड्याने राहणाऱ्या बाहेरगावच्या आयांना माहीत नसते, "आमचं नाव इथं नाही" म्हणून त्या जातच नाहीत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक मुले तपासते. त्यात जवाहरनगरातल्या एका पोराला हाकेला वळून बघत नाही म्हणून पुढे जिल्ह्याला पाठवायची चिठ्ठी दिली. चिठ्ठी चार महिने देव्हाऱ्यात. नेणार कोण? टेबलावर मानधनावर काम करणारी आपली सहायिका घेऊन गेली. अपंगत्वाचे कार्ड, निरामय विमा (अपंगांसाठीचा आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंतचा, पण सगळ्या अपंगत्वांना नाही, नीट विचारून घ्या), मुलांच्या मदतीच्या १०९८ ला फोन कधी करायचा, सगळे याच टेबलावर.

हे टेबल उभे कसे राहिले ते नव्या सभासदांना ठाऊक नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाने आपल्या दोन गल्ल्यांत काय केले ते कोणाला सांगायला नको. आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची ठेव जाहीर केली, केंद्रानेही योजना आणली, पेपरात मोठे मथळे आले. एकटी आई मागे उरलेली घरे मात्र कितीतरी जास्त होती. आपल्या शाळेच्या मोठ्या बाई तेव्हा मास्क लावून अशी घरे लिहून घ्यायला दारोदार वही घेऊन फिरल्या. ती वही अजून कपाटात आहे, तिच्यावर सॅनिटायझरने शाई पसरलेली आहे. गिरणीवाल्या अण्णांनी ओट्यावरची खोली उघडून दिली, पहिली तीन वर्षे एक पैसा घेतला नाही. अण्णा गेले, मुलांच्या वाटण्या झाल्या, आता भाडे मागतात तर त्यांचेही चूक नाही. चौकातल्या झेरॉक्सवाल्या दादांनी आजवर आपल्या फाइलींना अर्धेच पैसे लावले, तेही उधारीवर. वरच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनी एका वर्षी डीजे रद्द करून ते पैसे जसेच्या तसे आणून दिले आणि नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. भिशीच्या बायकांनी एका महिन्याची अख्खी भिशी दिली. नंबर लागलेल्या वहिनींनी त्या पैशातून फ्रिज घ्यायचा ठरवला होता. आणि कापडवाले शेठ, ज्यांनी आपल्या कारखान्यातल्या बायकांना समितीच्या दिवशी खाडा धरला नाही! हा एक उपकार रुपयांत मोजता येत नाही, बाकीच्या मालकांनी मनावर घ्यावा.

आता थोडे टोचणारे. गेल्या वार्षिक सभेला साठ खुर्च्या मांडल्या, अकराजण आले, त्यातले चार चहाच्या वेळी. महिनाभर आधी आपल्याच हळदीकुंकवाला पाय ठेवायला जागा नव्हती. देवळाच्या कळसाची वर्गणी आठ दिवसांत जमली. कळसाबद्दल तक्रार नाही, मीही दिली. पण सहायिकेचे दोन महिन्यांचे मानधन थकले आहे आणि ती पोरगी एक शब्द बोलत नाही, याची लाज वाटते.

हिशेब असा : भाडे ४,०००, मानधन ६,०००, एसटी-झेरॉक्स-फोटो-स्टॅम्प मिळून २,०००, म्हणजे महिना १२,०००, वर्षाचे १,४४,०००. शिल्लक २३,४००, त्यातून थकबाकी द्यायची. एका फाइलला साधारण ६०० रुपये खर्च येतो, तेवढे दिले तरी एका घराचे काम होते. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये, खाते क्रमांक जुन्या पावतीच्या मागे छापलेला आहे, करसवलत मिळत नाही. पैसे नकोत तर वेळ द्या : सोमवार किंवा गुरुवार, संध्याकाळी ५ ते ८, अक्षर बरे हवे. महिन्यातून एकदा कोल्हापूरला सोबत जाणारी माणसेही हवीत, मोटार असल्यास उत्तम. ज्यांच्या ओळखीत गरजू घर आहे त्यांनी त्यांना नुसते पाठवून द्यावे, कागद नसले तरी चालेल. मागच्या वर्षीच्या ज्या पावत्यांचे पैसे यायचे राहिले आहेत त्यांची यादी माझ्याकडे आहे, ती फळ्यावर लावणार नाही.

आपली नम्र,
चिटणीस

ता. क. कपाटाची दुसरी किल्ली दिवाळीपासून सापडत नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी गुरुवारच्या आत आणून द्यावी, आत अकरा घरांच्या फाइली अडकल्या आहेत.