मोत्याचं भोक : मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, मी पुण्यात रविवार पेठेत पटवेकरी आहे, तन्मणी, चिंचपेटी, मोत्याच्या माळा गाठवून द्यायचं काम, वडलांपासूनचं. मुलीच्या कॉलेजात भारतीय ज्ञान प्रणालीच्या तासाला रत्नशास्त्र झालं म्हणून कौतुकानं तिची वही उघडली तर माणिक रवीचं, पाचू बुधाचा, कुठल्या राशीला कुठला खडा, संपलं. फार वाईट वाटलं.

कारण एका निवृत्त संस्कृतच्या सरांकडे बसून मी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला रत्नं पारखायचा अध्याय ऐकलाय. चांगला मोती कसा, तर मोठा, गोल, ताटलीत एका जागी न ठरणारा, चमकदार, पांढरा, जड, तुकतुकीत आणि ‘देशविद्ध’, म्हणजे नेमक्या जागी भोक पाडलेला. वाईटाच्या यादीत ‘दुर्विद्ध’. हे लिहिणाऱ्याला मोती हातात धरून माहीत होता साहेब! भोक केसभर सरकलं ना की नथीतला मोती मान वाकडी करूनच बसतो, तार कितीही पिळा, आणि गिऱ्हाईक बोलतं मला. माळांची नावंपण दिलीत, २७ मोत्यांची ती नक्षत्रमाला. आमच्या धंद्यातल्या किती पोरांना हे माहितीये?

हिऱ्याचंही तसंच. गरुडपुराणात सांगितलंय ६ टोकं, ८ बाजू, १२ धारा. चौकोनी बुडाचे दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडा आणि मोजा, बरोब्बर तेवढंच भरतं, खाणीतला न घासलेला चांगला हिरा बऱ्याचदा असाच असतो.

आता बृहत्संहिता या जुन्या संस्कृत ग्रंथात हत्तीतला नि ढगातला मोतीही आहे, हिऱ्यांना ब्राह्मण-क्षत्रिय असे चार वर्णही लावलेत. तेही लपवू नका, आहे तसं शिकवा, मुलं विचार करतील. पण पारख शिकवा आधी.

मागणी एवढीच की हे अध्याय सोप्या मराठीत, फोटोंसकट, कॉलेजांना आणि दागिन्यांच्या कोर्सेसना द्या. १९१७ पासून भांडारकर संस्था आपल्या पुण्यातच आहे, संस्कृतवाले तिथं आहेत, त्यांच्याशेजारी एक सराफ, एक पटवेकरी बसवा म्हणजे शब्दाला वस्तू सापडेल.

नीट भोकाचे आणि बिघडलेले मोती मी वेगवेगळ्या डब्यांत जपून ठेवलेत. वर्गात घेऊन येईन, पैसे नकोत. सोमवारी माझं दुकान बंद असतं.

आपला,
रविवार पेठेतला एक पटवेकरी