गहाण सोन्याचा हिशेब तारखांसह मांडा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

१९९१ च्या सोन्यावरून आपल्या पत्रस्तंभात पुन्हा जुंपली आहे. एका बाजूचे पत्रलेखक सांगतात की काँग्रेसने देशाचे सोने गहाण टाकले आणि २०२४ मध्ये ते सोडवून आणावे लागले. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सोने बाहेर पाठवले चंद्रशेखर सरकारने आणि देश सावरला तो मनमोहनसिंगांनी. दोन्हीकडच्या पत्रांत तारखा नाहीत. दोन वेगळे व्यवहार एकच समजून वाद चालला आहे, आणि तो तसाच चालू राहिला तर त्या वर्षातला सर्वांत महाग धडा हातून निसटेल. म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिला व्यवहार मे १९९१ मधला. चंद्रशेखर यांचे काळजीवाहू सरकार, अर्थमंत्री यशवंत सिन्हा. बाहेर गेले ते २० टन सोने रिझर्व्ह बँकेच्या साठ्यातले नव्हतेच. तस्करांकडून जप्त केलेले ते सोने सरकारच्या मालकीचे होते. स्टेट बँकेमार्फत ते युनियन बँक ऑफ स्वित्झर्लंडला विकले गेले, परत विकत घेण्याचा हक्क राखून. त्यातून वीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उभी राहिली.

दुसरा व्यवहार जुलैमधला. २१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले होते, मनमोहनसिंग अर्थमंत्री होते. ४ ते १८ जुलै या पंधरवड्यात रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे सुमारे ४७ टन सोने चार खेपांत मुंबईहून विमानाने लंडनला गेले आणि त्याच्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून ४० कोटी ५० लाख डॉलर मिळाले. त्या वेळच्या बाजारभावाने या सोन्याची किंमत पाहिली तर कर्ज तिच्या साधारण पाऊणपट भरते. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३३ नुसार नोटांना आधार म्हणून ठेवलेल्या सोन्यापैकी किमान ८५ टक्के सोने देशातच राहिले पाहिजे. हे ४७ टन उरलेल्या १५ टक्क्यांतले होते. सोने मुंबईच्या तिजोरीतच ठेवून कर्ज मिळाले असते तर ते कोणालाही हवेच होते, पण धनको तेवढ्यावर राजी नव्हते. प्रत्यक्ष सोने बाहेर न्यावे लागले यावरूनच आपली पत किती उतरली होती ते कळते.

हे कर्ज नोव्हेंबर १९९१ पर्यंत फिटले. सोने त्यानंतरही बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत राहिले, पण गहाण म्हणून नाही. अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका आपले सोने लंडनमध्ये ठेवतात, कारण तिथे ते विकणे किंवा त्यावर पैसे उभे करणे सोपे जाते. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून आणखी २०० टन सोने विकत घेतले. २०२४ मध्ये सुमारे १०० टन सोने ब्रिटनमधून भारतात आणल्याच्या बातम्या आल्या, तो साठा कुठे ठेवावा याबद्दलचा निर्णय होता. त्याचे कौतुक जरूर करावे, पण ‘गहाण सोडवले’ म्हणून नव्हे. सोडवण्यासारखे तेहतीस वर्षे काही शिल्लकच नव्हते.

आता मूळ मुद्दा. ४० कोटी ५० लाख डॉलर म्हणजे नेमके किती? १९९०-९१ मध्ये आपली आयात सुमारे २४०० कोटी डॉलरची होती. त्या हिशेबाने या रकमेत जेमतेम सहा दिवसांची आयात भागते. मेमधली रक्कम धरली तरी नऊ-दहा दिवस. एवढ्यासाठी एवढा मानभंग सोसला, कारण प्रश्न दिवसांचाच होता. १२ जुलै १९९१ रोजी परकीय चलनाची शिल्लक ९७ कोटी ५० लाख डॉलरवर आली होती. एक हप्ता चुकला असता तर पतपत्रे (आयातीचे पैसे चुकते करण्याची बँकेची लेखी हमी) उघडायला परदेशी बँकांनी नकार दिला असता, आणि मग तेलाचे जहाज बंदरात लागूनही माल उतरला नसता.

आणि ज्या आकड्याबद्दल दोन्ही बाजू गप्प आहेत तो हा. एप्रिल ते जून १९९१ या तीन महिन्यांत अनिवासी भारतीयांनी आपल्या ठेवींतून निव्वळ ९५ कोटी डॉलर काढून नेले. सोन्याच्या दोन्ही व्यवहारांतून मिळालेल्या रकमांची बेरीज यापेक्षा कितीतरी कमी भरते. हे तीन महिने कोणते, ते पाहा. लोकसभा बरखास्त झालेली, २० मे रोजी मतदानाचा पहिला टप्पा, २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या, उरलेले टप्पे लांबून १२ आणि १५ जूनवर गेलेले, आणि पूर्ण अर्थसंकल्प नाही. ठेवीदारांनी व्याजदर पाहून पैसे काढले नाहीत. या देशात निर्णय घेणारे कोणी आहे का, हे त्यांनी पाहिले.

हे संकट एका सरकारने आणले नव्हते. इथे महाराष्ट्राचा संबंध थेट येतो आणि तो मराठी वाचकांना ठाऊक असायला हवा. संकटापूर्वीचे दोन अर्थमंत्री लागोपाठ आपल्या राज्यातले आणि परस्परविरोधी पक्षांतले होते. १९८९-९० चा अर्थसंकल्प काँग्रेसच्या शंकरराव चव्हाणांनी मांडला, १९९०-९१ चा जनता दलाच्या मधु दंडवत्यांनी. १९८९-९० मध्ये चालू खात्यावरची तूट (आयात आणि इतर चालू देण्यांपोटी बाहेर गेलेला, आवकेपेक्षा जास्तीचा पैसा) सुमारे ६८० कोटी डॉलर होती, तेव्हा आखाती युद्धाचा मागमूसही नव्हता. पुढच्या वर्षी ती सुमारे ९७० कोटींवर गेली. म्हणजे ‘सद्दाम हुसेनमुळे झाले’ हे काँग्रेस समर्थकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. तेलाचा वाढीव खर्च बाजूला काढला तरी तूट पेलण्यापलीकडे गेलेलीच होती. ऐंशीच्या दशकात केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायचा खर्च, वाढत गेली आणि ती भागवायला बाहेरून अल्प मुदतीची कर्जे उचलली गेली. अशा कर्जात व्याजापेक्षा मोठा धोका नूतनीकरणाचा असतो. नव्वद दिवसांनी धनकोने ‘आता मुद्दल द्या’ म्हटले की दीर्घ मुदतीची कोणतीही योजना कामाला येत नाही. १९९०-९१ च्या उत्तरार्धात नेमके तेच घडले.

दंडवत्यांच्या सचोटीबद्दल त्यांचे विरोधकही शंका घेत नाहीत. कालबाह्य सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांच्याच कारकिर्दीत रद्द झाला. परंतु त्याच सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जे माफ करण्याची योजना राबवली आणि तुटीला आवर घातला नाही, हेही नोंदवावे लागेल. इराकने कुवेत घेतले ते २ ऑगस्ट १९९० रोजी. तेल महागले, कुवेतमधून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणावे लागले, तिकडून येणारा पैसा आटला. पाचच दिवसांनी, ७ ऑगस्टला, मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. २५ सप्टेंबरला सोमनाथहून रथयात्रा निघाली. ७ नोव्हेंबरला विश्वनाथ प्रताप सिंह यांचे हे सरकार पडले. मंडल आणि मंदिर या विषयांचे महत्त्व कोणाला कसेही वाटो, परकीय चलनाची गंगाजळी आटण्याच्या त्या तीन महिन्यांत सरकार, विरोधक आणि संसद यांपैकी कोणाचेही पूर्ण लक्ष तिच्याकडे नव्हते, हे तारखाच सांगतात.

चंद्रशेखर यांच्या सरकारला तर पन्नास-साठ खासदारांचाच आधार होता, बाकी सगळा भार काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. तरीही जानेवारी १९९१ मध्ये त्याने नाणेनिधीकडून सुमारे १८० कोटी डॉलर मिळवले. पंतप्रधानांचे आर्थिक सल्लागार तेव्हा मनमोहनसिंगच होते, हे दोन्ही बाजू सोयीने विसरतात. पुढचे साहाय्य मिळवायचे तर खर्चाला कात्री लावणारा अर्थसंकल्प फेब्रुवारीत संसदेत यायला हवा होता. काँग्रेसची साथ नसल्याने तो आला नाही. ४ मार्चला केवळ अंतरिम अर्थसंकल्प मांडला गेला आणि ६ मार्चला, राजीव गांधींवर हरियाणा पोलिसांनी पाळत ठेवल्याच्या प्रकरणावरून, सरकारने राजीनामा दिला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी चूक ही. फेब्रुवारीत जे करता आले असते ते पाच महिन्यांनी करावे लागले, आणि मधल्या काळात ते ९५ कोटी डॉलर गेले. नंतर जुलैत सरकार सावरल्याचे श्रेय काँग्रेसला द्यायचे, तर मार्चचा दोषही त्याच पक्षाच्या खात्यावर लिहावा लागेल.

या रिकाम्या महिन्यांत गाडा हाकला तो रिझर्व्ह बँकेने, आणि तिच्या हाती एकच हत्यार होते, आयात दाबून टाकणे. पतपत्र उघडताना आयातदाराने बँकेत आगाऊ भरायची रोख रक्कम ऑक्टोबर १९९० मध्ये ५० टक्के ठरली आणि एप्रिल १९९१ पर्यंत ती २०० टक्क्यांवर गेली. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एखाद्या लघुउद्योजकाला पाच लाखांचे सुटे भाग मागवायचे असतील तर त्याने आधी दहा लाख रुपये बँकेत अडकवून ठेवायचे, माल येऊन पैसे चुकते होईपर्यंत. वर आयातीसाठी घेतलेल्या कर्जावर व्याजाचा अधिभार. मोठ्या कंपन्यांनी कसेबसे निभावले. ज्यांचे खेळते भांडवलच पाच-सात लाखांचे होते त्यांच्या यंत्रांना भाग मिळेनात आणि पाळ्या बंद झाल्या. १९९१-९२ मध्ये औद्योगिक उत्पादनाची वाढ जवळपास थांबली. नेतृत्वाच्या भांडणाची किंमत सोन्याच्या विटांपेक्षा या कारखान्यांत जास्त मोजली गेली, पण तिचे छायाचित्र निघत नाही म्हणून तिच्यावर कोणी पत्र लिहीत नाही.

आता रावांकडे वळू. रुपयाचे अवमूल्यन १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत झाले. डॉलर साधारण २१ रुपयांवरून २६ च्या जवळ गेला. पहिल्या टप्प्यानंतर गदारोळ झाला तेव्हा दुसरा टप्पा थांबवावा असे रावांना वाटले होते, पण मनमोहनसिंगांचा निरोप पोचेपर्यंत डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी नवा दर जाहीर केला होता. लोकसभेत विश्वासदर्शक ठराव संमत झाला १५ जुलैला. म्हणजे अवमूल्यनही आणि सोन्याची रवानगीही, दोन्ही कामे अल्पमतातल्या सरकारने बहुमत सिद्ध करण्याआधी सुरू केली. हे धाडस रावांचे होते, ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. अर्थमंत्रिपदासाठी आधी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेल यांना विचारले होते आणि त्यांनी नकार दिल्यावर मनमोहनसिंगांचे नाव आले, यानेही कोणाचे कर्तृत्व कमी होत नाही.

२४ जुलैच्या अर्थसंकल्पाला आणि त्याच दिवशी त्याआधी मांडलेल्या औद्योगिक धोरणाला भाजपने परवानाराज संपल्याबद्दल पाठिंबा दिला, नाणेनिधीच्या अटींना विरोध केला. डाव्यांचा सगळ्यालाच विरोध होता. पण सरकारला प्रत्यक्ष माघार घ्यायला लावली ती स्वपक्षाच्या खासदारांनी. खतांच्या किमतीतली ४० टक्के वाढ ऑगस्टमध्ये ३० टक्क्यांवर आणावी लागली, अल्पभूधारकांना वगळावे लागले. आणि परवाने हटवण्याचा मसुदा तरी कोणाचा? त्याची बरीचशी तयारी विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळातच अधिकाऱ्यांनी केलेली होती. कागद एका सरकारचा, नाणेनिधीशी बोलणी दुसऱ्याची, सही तिसऱ्याची. यातला एकच तुकडा उचलून पक्षाचा झेंडा लावणे खोटेपणाचे आहे, मग तो झेंडा कोणाचाही असो.

आपल्याकडे एक मागणे आहे. गंगाजळीची बातमी देताना एकच एकूण आकडा छापू नये. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी जी साप्ताहिक आकडेवारी देते तिच्यात परकीय चलनातील मत्ता, सोने, विशेष आहरण अधिकार (नाणेनिधीने सदस्य देशांना वाटून दिलेली राखीव मत्ता) आणि नाणेनिधीतील राखीव हिस्सा हे चार आकडे स्वतंत्र असतात. मार्च १९९१ अखेर एकूण गंगाजळी सुमारे ५८० कोटी डॉलर दिसत होती, पण त्यातले सुमारे ३५० कोटी म्हणजे सोने. हाताशी खेळते चलन सुमारे २२० कोटींचे, आणि अल्प मुदतीचे परकीय कर्ज सुमारे ८५० कोटींचे. तेव्हा वाचकांसमोर दर आठवड्याला हे आकडे वेगवेगळे असते, तर अर्थसंकल्प अडवणाऱ्यांना जाब विचारायला जूनपर्यंत थांबावे लागले नसते. आपल्या अर्थपानावर चार ओळींची ही चौकट आणि शेजारी अल्प मुदतीच्या कर्जाचा ताजा आकडा नियमित द्यावा, ही विनंती.

आपला,
परकीय चलन व्यवहारांचा एक अभ्यासक, पुणे