देवकुंडाची वाट: बंदी तारखेवर नको, पाण्यावर हवी

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की धबधबे, धरणे आणि घाटातील धोकादायक ठिकाणी जाण्यास मनाई करणारे जिल्हा प्रशासनाचे आदेश निघतात आणि त्यांच्या बातम्या आपल्या दैनिकातही येतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याच सुमारास ताम्हिणी घाटातील प्लस व्हॅली या दरीत पाण्यात उडी घेतलेला एक जण प्रवाहाबरोबर खाली गेला. दोन्ही प्रसंगांच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. त्यानंतर असे आदेश निघू नयेत असे कोणीही म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, दरीतून धबधब्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या वाटांवरचा धोका तारखेनुसार कमीजास्त होत नसतो, आणि आपले आदेश मात्र तारखांवरच बेतलेले असतात.

देवकुंडाचेच पाहावे. कुंडलिका नदीचा उगम मानल्या जाणाऱ्या या धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचण्याच्या दोन वाटा आहेत. बहुतेकांना ठाऊक असलेली वाट रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील भिरा गावातून, धरणाच्या जलाशयाच्या कडेने आणि पुढे जंगलातून जाते. ती लांब असली तरी सरळ आहे. वाटेतले ओढे ओलांडताना आणि अखेरच्या दगडगोट्यांच्या टप्प्यात पाय जपून टाकावे लागतात. दुसरी वाट वरून, ताम्हिणी घाटातील रस्त्यापासून प्लस व्हॅलीत उतरते. सुरुवातीची घसरडी उतरण, मग दरीच्या तळाशी खोलीएवढाल्या धोंड्यांवरून तासन् तास चढउतार, मधूनमधून डोह, आणि शेवटी दोराशिवाय उतरताच येणार नाहीत असे कातळटप्पे, असा तिचा क्रम आहे. अशा टप्प्यावरून उतरून दोर खाली ओढून घेतला की माघारी वळणे शक्य नसते. बाजूला दोन्हीकडे उभा कडा असतो आणि मोबाइलला रेंज मिळण्याची खात्री नसते. म्हणजे या वाटेवर निर्णय घेण्याची खरी जागा पहिल्या कातळटप्प्याच्या माथ्यावर आहे. त्याच्या खाली निर्णय पाणी घेते.

हे पाणी कसे येते, हे समजून घेतल्याशिवाय नियम करण्यात अर्थ नाही. सह्याद्रीचा हा भाग काळ्या पाषाणाचा, घाटमाथ्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पडलेला पाऊस मुरायला जागा नसल्याने तो थेट ओढ्यात उतरतो, आणि पाणलोट लहान असल्यामुळे एखाद्या जोरदार सरीनेही थोड्याच वेळात ओढ्याचे रूप पालटते. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता; अशा दिवशी दरीत कोणी उतरत नाही आणि आदेश नसता तरी उतरले नसते. फसवतो तो दुसऱ्या जातीचा दिवस: दरीत ऊन पडलेले असते, पाणी पोटरीएवढे असते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या माथ्यावर ढग फुटलेला असतो. पाणी गढूळ होणे, त्यातून पाचोळा व काटक्या येऊ लागणे, ओढ्याचा आवाज जड होणे, या खुणा स्थानिक माणूस क्षणात ओळखतो. शहरातून आलेल्या तुकडीला त्या ओळखेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता आदेशाकडे वळू. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आणि जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणारे हे आदेश साधारणपणे पावसाळ्यापुरते असतात. मुदत संपते तेव्हा परतीच्या पावसाचे दिवस सुरू असतात. सकाळी निरभ्र आणि दुपारनंतर घाटमाथ्यावर गडगडाट, हे त्या दिवसांचे नेहमीचे चित्र. दरीतल्या वाटेसाठी याहून वाईट हवामान नाही. पण बंदी उठली म्हणजे वाट सुरक्षित झाली असे समजून लोक नेमके तेव्हाच गर्दी करतात. उलट जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप पडलेल्या दिवसांतही भिऱ्याची सोपी वाट बंद असते आणि वाटाड्याचे काम करणाऱ्या तरुणांचा ऐन हंगाम बुडतो. ज्यांना जायचेच आहे ते वाटाड्या न घेता, आडवाटेने, कुठेही नोंद न करता जातात. बंदीने गर्दी कमी होत असेल. पण आत कोण आहे हे सांगू शकणारा माणूसच तिने वाटेवरून हटवला आहे.

शिवाय ही दरी दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे. पाऊस पडतो पुणे जिल्ह्याच्या माथ्यावर आणि पाणी पोहोचते रायगडात. वरच्या तोंडाशी एका प्रशासनाचा आदेश, खालच्या तोंडाशी दुसऱ्याचा. याच कुंडलिकेवर थोडे खाली, कोलाडला, भिरा वीज प्रकल्पातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर राफ्टिंग चालते आणि तेथील नावाड्यांना पाणी केव्हा येणार हे पक्के ठाऊक असते. ते पाणी माणूस सोडतो आणि हे आभाळातून पडते, हा फरक मला कळतो. तरीही माथ्यावर पडलेल्या पावसाचा आकडा खालच्या गावाला त्याच तासात कळवणे आज अशक्य राहिलेले नाही. घाटमाथ्यासाठी हवामान विभाग आता वेगळा इशारा देतोच.

म्हणून विनंती अशी की, दोन्ही जिल्हा प्रशासनांनी आणि वन विभागाने मिळून या दोन वाटांचा वेगवेगळा विचार करावा. भिऱ्याच्या वाटेवर रोज सकाळी घाटमाथ्याचा पाऊस आणि इशारा पाहून त्या दिवसापुरता निर्णय व्हावा, तो गावातच फलकावर लिहिला जावा, स्थानिक वाटाड्या बंधनकारक असावा आणि परतणाऱ्यांची संध्याकाळी नावानिशी मोजणी व्हावी. प्लस व्हॅलीतून खाली देवकुंडाकडे उतरण्याची वाट मात्र पावसाळ्यात पूर्ण बंदच राहावी, आणि परतीचा पाऊस सरेपर्यंत ती उघडू नये, मग गिर्यारोहण संस्थांनी कितीही आग्रह धरला तरी. या मताने माझेच काही स्नेही नाराज होतील, याची मला कल्पना आहे. हिवाळ्यात जाणाऱ्या तुकड्यांनीही दोर, शिरस्त्राण आणि तंत्र जाणणारा म्होरक्या यांची नोंद रस्त्यालगतच्या चौकीवर करूनच उतरावे.

वाट जिथे रस्ता सोडते तिथे फलक लावताना ‘धोका, पुढे जाऊ नये’ एवढे लिहून भागणार नाही, कारण तशा पाट्यांना लोक सरावले आहेत. पुढे कातळटप्पे आहेत, दोराशिवाय उतरता येत नाही आणि एकदा उतरल्यावर परत चढता येत नाही, असे त्यावर स्पष्ट लिहावे. हे काम जूनच्या आत होण्यासारखे आहे.

आपला नम्र,
एक गिरिप्रेमी वाचक, पुणे