शाळेच्या जुन्या दोन खोल्यांबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

शाळेच्या जुन्या खोल्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या बाद करून पाडायचा, ठराव ग्रामसभेत येणार, हे काल फोनवर कळलं आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं. कवेलू फुटलेत, पावसाळ्यात गळतं, तिथं लेकरं बसवू नयेत हे मलाही पटतं. पण पाडायच्या आधी बाबांनी बोलायला हवं.

बाबा, दिवाळीत गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टर दाखवलं, त्यात तुमचं नाव सापडलं. साल १९५५. शाळा जनपद सभेची, म्हणजे तेव्हाच्या तालुक्याच्या स्थानिक संस्थेची, आणि आपला वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर! तुम्ही दुसरीत असताना, नोव्हेंबर १९५६ मध्ये, आपण मुंबई राज्यात गेलो. १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. पाट्या बदलत गेल्या, खोल्या त्याच. तुमचा तो टकळीवर सूत कातायचा तास आठवतो? १९३७ च्या वर्ध्यातल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार मांडला, त्यातूनच तो शाळांत आला.

त्याच पानावर चार ओळी खाली आत्याचं नाव आहे. तिसरीतून काढलं. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात एकच शब्द, 'घरकाम'. काट्यावर व्यापाऱ्याच्या आधी कापसाचा तोंडी हिशेब करणारी माझी आत्या! मला ते पान पुढं वाचवेना.

रजिस्टरात नाही ते तुमच्याजवळ आहे. शाळा आधी मारोतीच्या देवळात भरायची, आजोबांनी वावराचा कोपरा दिला, सागाचे फाटे बैलबंडीतून आणले, हे तुम्ही तुकड्यातुकड्यांनी सांगितलंय. बंड्या कोणाच्या होत्या, भिंती कोणी रचल्या? आई, पंधरा ऑगस्टच्या आधी तुम्ही बायका मिळून शाळा सारवायच्या, तेव्हा कोण कोण असायचं तेही मला हवं आहे. तुमच्या बरोबरीचे आता मोजकेच उरलेत.

भिंती अजून पक्क्या आहेत. एका खोलीवर टिनं टाकून वाचनालय करा, असं ग्रामसभेत मांडा. टिनांचा खर्च मी देईन. कोणी हसलं तरी मागं हटू नका, तुमच्या शब्दाला गावात मान आहे. पोळ्याला येते तेव्हा सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करू. तोवर आठवेल तसं वहीत लिहून ठेवा. हात दुखला तर आई लिहील.

तुमची लेक