प्रागच्या वाटाड्या बाईंस

पुणे, जूनअखेर

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे छापू नये, असे आपण कळवले आहे, म्हणून ते लिहीत नाही. हे पत्र मात्र जाहीर लिहीत आहे आणि तेही मराठीत. आपल्याला ही लिपी वाचता येत नाही, याची मला कल्पना आहे. सोबत थोरलीने केलेले इंग्रजी भाषांतर पाठवले आहे, त्यातल्या चुका तिच्या नसून घाईच्या आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत आजी-आजोबा आणि मुले असा सारा लवाजमा घेऊन युरोपला निघणाऱ्या इथल्या कुटुंबांनाही हे वाचता यावे, आणि मुख्य म्हणजे माझ्या सासूबाईंना आपले आभार स्वतःच्या भाषेत मानता यावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आपली भेट होण्याच्या आदल्या दिवशी आम्ही एका मोठ्या गटाबरोबर हेच शहर पाहिले होते, किंवा पाहिले असे आम्हाला वाटले होते. उंच धरलेल्या एका छत्रीमागून पस्तीस माणसे चालत होती, कानातल्या यंत्रातून राजांची नावे आणि सनावळ्या येत होत्या, आणि सात वर्षांचा धाकटा संध्याकाळी टाचेवर आलेला फोड दाखवत म्हणाला होता की, उद्या मी हॉटेलातच बसणार. त्याच रात्री आपला निरोप आला. मुलांची वये काय, त्यांना भूक किती वाजता लागते, आजींना चढ चालतो का, आणि कोणाला काही मोजायला आवडते का, एवढेच आपण विचारले होते. आम्ही उत्तरासोबत पाहायच्या ठिकाणांची यादी पाठवली. तिच्यातली निम्मी ठिकाणे खोडून आपण ती परत धाडली आणि खाली लिहिले, की उरलेली पुढच्या खेपेसाठी ठेवा. खरे सांगते, त्या क्षणी मला थोडा रागच आला होता; इतका खर्च करून आलेल्या माणसाला पुढची खेप कुठली, असे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला आपण आम्हाला जुन्या नगरचौकातल्या खगोलघड्याळासमोर उभे केलेत, कारण दिवसातला बाहुल्यांचा पहिला खेळ नऊला असतो आणि तेव्हा गर्दी कमी असते. सगळे जण वरच्या खिडक्यांतून सरकणाऱ्या बारा प्रेषितांकडे पाहत असतात, तुम्ही मात्र उजवीकडच्या सांगाड्याच्या हाताकडे पाहा, असे आपण मुलांना सांगितलेत; त्यामुळे दोरी ओढून घंटा वाजवणारा तो सांगाडा आणि त्याला मानेनेच नकार देणाऱ्या शेजारच्या बाहुल्या मुलांना दिसल्या. मग हानुश नावाच्या कारागिराची गोष्ट झाली. असे घड्याळ त्याने दुसऱ्या कोणाला करून देऊ नये म्हणून नगरसभेने त्याचे डोळे काढले, आणि आंधळ्या हानुशने यंत्रात हात घालून ते बंद पाडले. धाकट्याचे डोळे विस्फारलेले होते. आपण दोन क्षण थांबलात आणि म्हणालात, "ही झाली गोष्ट. आता खरे काय ते सांगते." घड्याळ १४१० मध्ये कादान गावच्या मिकुलाश या घड्याळजीने केले, त्यामागचे गणित विद्यापीठातल्या यान शिंडेल या खगोलज्ञाचे मानले जाते, आणि डोळे कोणाचेच काढले गेले नव्हते.

हे वाक्य आपण त्या दोन दिवसांत किती वेळा उच्चारलेत, हे थोरलीने मोजले होते. अकरा वेळा. गोष्ट आपण कधी आखडती घेतली नाहीत आणि खरे काय ते सांगताना गोष्टीची थट्टाही केली नाहीत. आमच्याकडे किल्ले दाखवणारे बहुतेक जण या दोन्हींची अशी सरमिसळ करून टाकतात, की मोठ्यांनाही पुढे ती निवडता येत नाही, आणि मुलांच्या गळी तर आपण सगळेच काहीही उतरवतो.

त्याच घड्याळाखाली सासूबाईंनी आपल्याला पेचात टाकले. बाहेरच्या कड्यावरचे चोवीस आकडे सूर्यास्तापासूनचे तास दाखवतात, हे कळल्यावर त्या खूश झाल्या, कारण पंचांगातला दिवस सूर्योदयापासून मोजतात आणि इथे तोच हिशेब उलट्या टोकाने मांडलेला होता. मग त्यांनी राशींच्या कड्यावरचा सोन्याचा सूर्य नीट न्याहाळला आणि जाहीर केले, की तुमचे घड्याळ चुकले आहे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा चालू आहे, सूर्य वृषभेत असायला हवा, आणि हे तर त्याला मिथुनेत दाखवत आहे. मी ओशाळून भाषांतर केले. सहाशे वर्षे चाललेल्या घड्याळाला नावे ठेवणाऱ्या बाईंकडे पाहून आपण हसाल, असे मला वाटले होते. आपण वही काढलीत, प्रश्न लिहून घेतलात आणि मुलांच्या देखत म्हणालात, "हे मला माहीत नाही. विचारून सांगेन." चौथ्या दिवशी आपले उत्तर आले: युरोपातल्या राशी वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून मोजतात, भारतीय पंचांगातल्या ताऱ्यांच्या आधाराने मोजतात, आणि या दोन मोजण्यांत आज सुमारे २४ अंशांचा फरक पडलेला आहे. म्हणजे घड्याळ बरोबर आणि सासूबाईही बरोबर. आमच्या घरात असा निवाडा क्वचितच होतो.

चौकातून निघताना नगरभवनासमोरच्या फरसबंदीत बसवलेले पांढरे क्रूस आपण मुलांना मोजायला लावलेत. २७ भरले. २१ जून १६२१ रोजी याच जागी हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडातल्या २७ पुढाऱ्यांना देहदंड दिला गेला, एवढेच आपण सांगितलेत. त्यांतल्या बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर दहा वर्षे टांगलेली होती, हे धाकटा पुढे गेल्यावर थोरलीला हळूच सांगितलेत. अकरा वर्षांच्या मुलीला काय पेलते आणि सात वर्षांच्या मुलाला काय पेलत नाही, याचा अंदाज आईला असतोच असे नाही.

पुलाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायलाच हवे. बुरुजाच्या अलीकडे आपण पिशवीतून खडू काढून दगडावर १३५७९७५३१ हा आकडा लिहिलात आणि यात काय दिसते, असे विचारलेत. सम्राट चौथ्या कार्लने १३५७ साली, सातव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी पायाचा दगड बसवला, अशी ती कथा. आकडा उलटा वाचला तरी तोच, हे थोरलीच्या आधी धाकट्याने ओळखले आणि तो एकदम ओरडला, "चिमा काय कामाची!" आपल्याला वाटले, त्याला काहीतरी चावले. आमच्याकडे हे वाक्य प्रत्येक मुलाला येते आणि तेही उलटसुलट सारखेच वाचता येते, हे मी समजावल्यावर आपण ते तीनदा म्हणून पाहिलेत. तिसऱ्या वेळी उच्चार जवळजवळ जमला होता. वर्ष खरे, मिनिटे मात्र गोष्टीतली समजा, हेही आपण लगेच सांगितलेत. आधीचा युडिथचा पूल १३४२ च्या पुरात वाहून गेला होता, म्हणून हा नवा पूल भक्कम हवा होता, आणि मुहूर्तामागची काळजीही कदाचित त्यातूनच आली असावी.

पुलाच्या मध्यावर आपण पिशवीतून कागदी रुमालात गुंडाळलेले एक अंडे काढलेत. आमच्या सासूबाई शाकाहारी. त्यांनी शांतपणे नदीकडे तोंड फिरवले. चुना घट्ट व्हावा म्हणून त्यात अंडी घालायचे ठरले आणि राज्यभरातून गाड्या भरभरून अंडी मागवली गेली, असे सांगून आपण धाकट्याला विचारलेत, की तू गावचा पाटील असतास तर कशी अंडी पाठवली असतीस? तो जराही न थांबता म्हणाला, "उकडून. म्हणजे वाटेत फुटणार नाहीत." मी ते इंग्रजीत सांगितले तेव्हा आपण कठड्याला टेकून हसत राहिलात. वेलवारी गावच्या लोकांनी नेमके हेच केले आणि सहा शतके त्यांची थट्टा होत आली आहे, हे आम्हाला त्यानंतर कळले. मग अंडे आपण कठड्यावर हलकेच आपटलेत, ते उकडलेलेच निघाले, आणि वेलवारीच्या नव्या पाटलाने ते तिथेच मिठाशिवाय खाल्ले. चुन्याच्या चाचण्यांवरूनही अंड्यांबाबत तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही, हे अर्थातच नंतर आले. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतले आहे, हे थोरलीने आपल्याला ऐकवले आणि ते आपण वहीत टिपून घेतलेत.

यान नेपोमुक या संताच्या पुलावरच्या पुतळ्याखालच्या फलकाला हात लावायला रांग लागली होती, तिथे आपण आम्हाला थांबवले नाहीत आणि ढकललेही नाही. राणीचे गुपित राजाला सांगायला नकार दिला म्हणून त्याला नदीत फेकले, ही गोष्ट; १३९३ मध्ये त्याला फेकले हे खरे, पण त्यामागे राजा आणि आर्चबिशप यांच्यातला एका मठाधिपतीच्या नेमणुकीचा वाद होता. शेजारच्या फलकावरचा कुत्राही लोकांनी कुरवाळून पितळेसारखा पिवळा केला आहे. त्याची कसलीच आख्यायिका नाही, असे आपण म्हणालात, तरी धाकट्याने त्यालाच हात लावला.

पलीकडे नेरुदा रस्त्याच्या चढावर टाचेच्या फोडाने पुन्हा डोके वर काढले. आपल्या पिशवीत पट्टी होती, स्वच्छतागृहासाठी सुट्या कोरुनांची डबी होती आणि वेळ काढायला एक खेळही होता. १७७० मध्ये घरांना क्रमांक मिळाले, त्याआधी पत्ता म्हणजे दारावरचे चिन्ह: तीन व्हायोलिनांचे घर, सोन्याच्या किल्लीचे घर, लाल कोकराचे घर, दोन सूर्यांचे घर. मुलांनी पुढच्या चिन्हापर्यंत चालायचे आणि मग बसायचे. अशा रीतीने चढ केव्हा संपला, ते सासूबाईंनाही समजले नाही. भिकारदास मारुतीपासून डावीकडे, पासोड्या विठोबापासून उजवीकडे, असे पत्ते सांगण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ही पद्धत मुळीच परकी वाटली नाही.

दुसरी सकाळ यहुदी वस्तीची होती. त्याबद्दल आपण आदल्या संध्याकाळी आम्हा दोघा पालकांना बाजूला घेऊन विचारलेत, हे मी विसरणार नाही. पिंकास या यहुदी प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराविया इथल्या, नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या सुमारे ७८,००० यहुद्यांची नावे हाताने लिहिलेली आहेत, आणि वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या बंदिवासातल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. ती मुलांकडून चितारून घेणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार शिक्षिकेने १९४४ मध्ये आउश्वित्झला नेले जाण्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसांत लपवून ठेवली होती. मुलांना आत न्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा, मी दोन्हीकडे तयार आहे, असे आपण म्हणालात. थोरली आमच्याबरोबर आत आली. सगळी नावे वाचायला जाऊ नकोस, एकच नाव पूर्ण वाच, तारखांसकट, एवढीच सूचना आपण तिला दिली होती. तिने एका खांबाजवळ बराच वेळ घेतला, बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "नऊ." वरच्या मजल्यावर ती एका फुलपाखराच्या चित्रापाशी उभी राहिली. बाहेर आल्यावर ती काही बोलली नाही. आपणही तिला काही विचारले नाहीत. मी विचारले असते, आणि ते चुकले असते.

त्या वेळात आपण धाकट्याला आणि सासूबाईंना बाहेर बाकावर बसवून मातीचा एक गोळा हातात दिला होता. रब्बी ल्योव या यहुदी धर्मगुरूने व्ल्तावा नदीच्या मातीतून घडवलेल्या गोलेमची, म्हणजे जिवंत होणाऱ्या मातीच्या पुतळ्याची, गोष्ट सांगताना त्याच्या कपाळावरचा एमेत हा हिब्रू शब्द, म्हणजे सत्य, आणि त्यातले पहिले अक्षर पुसले की उरणारा मेत, म्हणजे मेलेला, हे आपण खुणांनी आणि मोजक्या इंग्रजी शब्दांनी त्यांच्यापर्यंत पोहोचवलेत कसे, हे मला अजून उलगडलेले नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा धाकटा जमिनीवर खडूने आपल्याला मराठी शिकवत होता: कमळातला क पुसला की मळ उरतो. ही गोष्ट रब्बीच्या नावाशी एकोणिसाव्या शतकात जोडली गेली, हे मात्र आपण त्याला सांगितले नव्हते. ते त्याच्या वाट्याचे खरे आपण निरोप घेताना माझ्या कानात सांगून माझ्याकडे सोपवलेत, तो विचारील तेव्हा सांगा म्हणून. त्याने अजून विचारलेले नाही. गोलेम आमच्या फ्रिजवर उभा आहे. विमानात त्याचा एक हात तुटला.

आपण ठरलेल्या वेळेपेक्षा दोन्ही दिवस तासभर जास्त थांबलात आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, याचा इथे उल्लेख केलेला आपल्याला आवडणार नाही. तरीही करत आहे.

सासूबाईंनी या पत्रासोबत यंदाचे पंचांग पाठवले आहे. जूनच्या मध्यावर रवी मिथुनेत जातो, ती ओळ त्यांनी लाल शाईने अधोरेखित केली आहे, आणि देवनागरी आकडे आपल्याला लागावेत म्हणून थोरलीने मलपृष्ठावर एक ते नऊचा तक्ता काढला आहे. चैत्रापासूनचे काही महिने सरलेलेच आहेत, पण घड्याळाशी ताडून पाहायला फाल्गुनापर्यंत पुरेल.

आपली ऋणी,
दोन मुलांची आई