दादा, तुमची शिट्टी मी ऐकली होती

शिवाजी पेठ, कोल्हापूर

दादा,

हे पत्र लिहायला दीड महिना लागला. चारदा कागद घेऊन बसलो आणि चारही वेळा "आपण केलेल्या मदतीबद्दल मनःपूर्वक आभार" इथंच अडकलो. ते वाक्य आमच्या तालमीच्या लेटरहेडवर शोभतं, तुम्हाला लिहिताना नाही. म्हणून आधी कबुलीच देतो. त्या दिवशी गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर तुम्ही जीवरक्षक म्हणून ड्युटीवर होता. तुमची शिट्टी मी ऐकली होती. दोनदा. पहिल्या वेळी नुसता हात हलवला, दुसऱ्या वेळी तेवढंही केलं नाही. उलट बायकोला म्हणालो, "ह्यांना शिट्टी वाजवायचाच पगार असतोय." हे वाक्य ती विसरलेली नाही. मीही नाही.

आमच्या गावाला समुद्र नाही, त्यामुळं त्याचं कौतुक जरा जास्तच. आंबा घाट उतरून साखरपा आला की मागच्या सीटवरून "समुद्र कधी येणार?" सुरू होतं ते थेट गणपतीपुळ्यापर्यंत. आणि वर आमचा पोहण्याचा माज. मी पाठीला डबा बांधून पंचगंगेत शिकलोय, रंकाळ्याच्या काठावर वाढलोय. गुडघाभर पाण्यात आम्हाला कोण काय सांगणार?

सांगायला हवं होतं ते खरं लॉजवाल्यानं. सकाळी त्याला सरळ विचारलं होतं, "पोरगी नऊ वर्षांची आहे, समोर पाण्यात नेली तर चालेल ना?" त्यानं मोबाइलमधनं डोकं वर न काढता सांगितलं, "बिनधास्त जावा साहेब, पाणी एकदम शांत आहे." त्याच्या खुर्चीतनं समुद्र दिसतसुद्धा नव्हता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका किनाऱ्यावर बोटवाल्यानं पोरीला जॅकेट दिलं, त्याचं बक्कल तुटलेलं. विचारलं तर नाड्याची गाठ मारून म्हणाला, "काय होत नाही ओ." माझी चूक मी कुणावर ढकलत नाही, पण पर्यटकांच्या पैशावर जगणाऱ्यांनी "काय होत नाही" म्हणताना निदान एकदा पाण्याकडं बघावं.

मी मात्र बघितलं होतं, आणि बघूनच नेमकी चुकीची जागा निवडली. दोन्ही बाजूंना लाटा फेसाळत होत्या आणि मधे पंधरा-वीस पावलांचा एक पट्टा गप्प, जरा गढूळ. म्हटलं, पोरीला इथं बरं. नंतर चहाच्या टपरीवर तुम्ही समजावलंत तेव्हा कळलं. लाटा फुटतात तिथनं पाणी आत येतं आणि आलेलं पाणी परत जायची वाट म्हणजे तो गप्प पट्टा. "आलेलं पाणी कुठनं तरी जाणारच की," एवढंच म्हणालात. ती ओढ माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडं सरळ हात मारून मारून दमल्यावर.

मी तेच करत होतो. सगळ्यात लाज वाटते ती याची. नदीला ओढ असली की धारेशी भांडायचं नाही, तिरकं जायचं, हे वडिलांनी मला दहाव्या वर्षी शिकवलेलं. समोर किनारा, खांद्यावर पोरगी आणि पायाखाली काही नाही, अशा वेळी ते शिकवणं कुठं गेलं देव जाणे. तुम्ही रिंग घेऊन आलात, पोरीला घेतलंत आणि मला ओरडलात, "आडवं! आडवं!" पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एकदम वाळूच, तोंडात, कानात, सगळीकडं.

भोवती पन्नासेक माणसं होती आणि बहुतेकांचे मोबाइल वर होते. एक गृहस्थ "कोल्हापूरवाले लई शाणे" म्हणाले. माझ्या गाडीची पाटी त्यांनी कधी वाचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या वाटेवर साखरप्यात असतानाच सासूबाईंचा फोन आला. व्हिडिओ आमच्या आधी कोल्हापुरात पोचला होता. तुम्ही मात्र एक शब्द बोलला नाही. मी तर शिव्यांची वाटच बघत होतो. ऐकल्या असत्या तर जरा हलकं वाटलं असतं. तुम्ही पोरीची पाठ चोळत तिला श्वास मोजायला लावत होता.

पण दादा, हे पत्र त्यासाठी नाही. पाण्यातनं बाहेर काढणं तुमचं काम होतं असं तुम्ही म्हणाल, आणि मला त्यावर वाद घालता येणार नाही. पत्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी आहे.

रात्रभर पोरगी बोलली नाही. खिडकी लावून घ्या म्हणाली, लाटांचा आवाज नको. सकाळी निघताना तुम्हाला भेटायला आलो तेव्हा ती गाडीतनं उतरेना. तुमची ड्युटी सुरू व्हायची होती, तुम्ही घरच्या लुंगीवर होता. गाडीच्या दाराशी उकिडवे बसलात आणि तिला विचारलंत, "वाळूत रांगोळी कोण काढतं, ठाऊक आहे?" ओहोटी होती. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक बारीक गोळ्या करून ठेवल्या होत्या, प्रत्येक बिळाभोवती किरणं निघाल्यासारख्या. ती एक बघायला उतरली, मग दुसरी, मग तिसरी. खाली मान घालून गोळ्या मोजत ती पुढं सरकत होती. पाणी पायाला लागलं तेव्हा ती थबकली, पण पळाली नाही.

मी मागनं बघत होतो. ती जिकडं सरकेल तिकडं तुम्ही सरकत होता, आणि दर वेळी तिच्या आणि समुद्राच्या मधे उभे राहत होता. घोटाभर पाणी, ओहोटी, धोका काहीच नाही. तरी तुमची पाठ समुद्राकडं आणि तोंड तिच्याकडं. तिला ते कळावं म्हणून नव्हे, कारण तिनं एकदाही वर बघितलं नाही. असं उभं राहायला कुणी सांगत नाही आणि त्याचा व्हिडिओही कुणी काढत नाही. चांगुलपणावर भाषणं मी खूप ऐकलीत, तालमीच्या स्टेजवरनं दोन-चार ठोकलीतही. त्यातलं एकही मला त्या सकाळी आठवलं नाही.

आमच्या आप्पांना मात्र तुमची वेगळीच गोष्ट भावली. टपरीवर तुम्ही भरतीची वेळ काढायचा हिशेब सांगितलात, तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. त्या दिवशी पंचमी. तुम्ही बोटं मोजेपर्यंत आप्पा म्हणाले, "पाच पाऊण पावणेचार!" साठ वर्षांपूर्वी शाळेत घोकलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पहिल्यांदा कामाला आली म्हणून ते अजून खूश आहेत. आम्ही पाण्यात उतरलो साडेचारला, म्हणजे भरती होऊन पाणी परतायला लागलं तेव्हा. हिशेब त्यांना येत होता, भरतीशी त्याची सांगड कुणी घालून दिली नव्हती एवढंच. आता नात त्यांच्याकडं पाऊणकी शिकते. शाळेत त्याचे मार्क नाहीत, तरी शिकते. कालनिर्णय घेऊन बसते आणि रोज समुद्र केव्हा भरणार ते आम्हाला कोल्हापुरात बसून सांगते.

माघी गणपतीला आम्ही येतोय. तारीख तिनंच ठरवली आहे. चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. तीनला भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. पहाटे निघून त्या वेळेला पोचतो, तिला खेकड्यांची रांगोळी बघायची आहे. गर्दी असेल, तुम्हाला बोलायला सवड मिळणार नाही. नुसती शिट्टी वाजवा. मी पाण्यात असलो तर बाहेर येतो, आणि बाहेर असलो तरी वर बघतो.

तुमचा,
पांढऱ्या गाडीतला कोल्हापूरकर